टेस्टिंगचा माणूस

रेणू मेंढेच्या हातचा मार खाल्लेली माणसं भिलाईत शोधायला फार फिरावं लागणार नाही. सेक्टर दोनमध्ये तिच्या क्वार्टरच्या मागच्या गल्लीतच एक जण आहे. त्यानं शाळेत असताना तिच्या धाकट्या भावाची, मोनूची, सायकल नाल्यात फेकली होती. त्याच्या भुवईवर अजून खूण आहे. एक ऑटोवाला आहे, तो काय बोलला होता ते मी इथे लिहिणार नाही. आणि एक माझा सख्खा मावसभाऊ आहे, अभिनव. स्मृती नगरातल्या त्याच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात रेणू आणि मी शेजारी शेजारी बसून काम करायचो. त्याच्या कानाला टाके पडले. मी त्याची बाजू घेऊन बोलावं असं माझ्या मावशीला वाटतं. मी घेणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

दिसायला रेणू अगदी साधी. बुटकी, चष्मा लावणारी, केसांना तेल लावून घट्ट वेणी घालणारी. पहिल्या दिवशी मी तिला बघितलं तेव्हा वाटलं, ही बिचारी ह्या ऑफिसात टिकायची नाही. बिचारी! पंधरवड्यात एका क्लायंटच्या माणसानं तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हळूहळू खाली सरकवला. रेणूनं वळून बघितलंही नाही. टेबलावरचं स्टेपलर उचललं आणि त्याच्या हाताच्या पाठीवर मारलं, उघडून, पिनेसकट. तो किंचाळला तसं सगळं ऑफिस उभं राहिलं. रेणू म्हणाली, "हाथ गलत जगह रखा था आपने," आणि पुन्हा टाइप करायला लागली.

हे तिच्यात आलं कुठून ते तिनंच मला सांगितलं, डबा खाता खाता, हसत. तिचे वडील, बाबुलालकाका, भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनच्या कोळसा-भट्ट्यांवर कामाला. मूळचं गोंदियाकडचं शेतकरी घर, आजोबा कारखान्याच्या कामावर इकडे आले आणि राहिले. बाबुलालकाका ड्यूटीवरून घरी आले की घरात कोणाला ना कोणाला मार बसायचाच. भाजीत मीठ जास्त, मोनूचे मार्क कमी, टीव्हीचा आवाज मोठा, कारण काहीही चालायचं. त्यांनी पट्टा काढला की सिंधुताई, रेणूची आई, आधी खिडक्या लावून घ्यायची. बायको म्हणून तिला जमायचं ते एवढंच. एकदा मोनू पलंगाखाली शिरला आणि काकांनी त्याला पाय धरून बाहेर ओढलं. रेणू तेव्हा नववीत होती. तिनं स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि बापाच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. काकांनी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. त्यानंतर रेणू घरात असताना त्यांनी मोनूवर हात उचलला नाही, आणि मोनू कुठेही गेला तरी कुणी आवाज चढवला की बहिणीच्या मागे जाऊन उभा राहायला शिकला.

"तो मागं उभा राहिला की मले बरं वाटते," ती म्हणाली. "मंग समोर कोणी बी असो."

आता ह्याच बाईचा कोड बघितला असता तर तुमचा विश्वास बसला नसता. इतकं शांत, इतकं नीटनेटकं काम मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही. ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर एखादं बटण दाबता, तेव्हा तुमची मागणी आत जाऊन पहिल्यांदा ज्या कोडच्या हाती पडते त्याला आम्ही कंट्रोलर म्हणतो. दवाखान्यात दाराशी केसपेपर काढणारी बाई असते ना, तेवढंच त्याचं काम. नाव विचारायचं, कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं, आतून उत्तर आलं की ते पेशंटच्या हातात द्यायचं. रेणूचे कंट्रोलर असेच असायचे, पाच-सात ओळींचे. अभिनवदादाची केसपेपरवाली मात्र नाडीही बघायची, इंजेक्शनही द्यायची, टाकेही घालायची आणि जाता जाता फरशीही पुसायची. एकेका कंट्रोलरची शेपटी शोधता शोधता डोळे दुखायचे.

दादाचं सॉफ्टवेअर होतं ठेकेदारी कामगारांच्या गेटपासचं. शहराबाहेर, उतईच्या बाजूला, एक खाजगी रोलिंग मिल आहे, ते आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. कामगार गेटवर कार्ड दाखवणार, उभ्या सळ्यांचं फिरतं लोखंडी दार त्याला आत सोडणार. कुणाचा पास बंद करायचा असेल तर आमच्या स्क्रीनवर एक बटण. ते दाबलं की दादाचा कंट्रोलर एका दमात तीन कामं करायचा. आधी गेटच्या मशीनला सांगायचा की हे कार्ड बंद. मग कामगाराच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचा. आणि सगळ्यात शेवटी आमच्या रेकॉर्डमध्ये लिहायचा की पास बंद झाला.

रेणूनं आल्या आल्या तो कंट्रोलर वाचला आणि दादाच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मधातच मेसेज अटकला तर?"

"अटकला तर काय?"

"गेटवर कार्ड बंद झालेलं राहीन, अन् आपल्या रेकॉर्डमधी पास चालू दिसन. इकडं कोणाले समजणारच नाही. उघडाचं बटण बी येणार नाही, कारण आपल्या हिशेबानं ते उघडंच आहे. तो माणूस गेटवर फसन."

"इतक्या दिवसांत कधी झालंय?"

"नाही झालं."

"मग?"

ह्या "मग"वर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काचेतून बघत होते. तिनं दादाचा पेपरवेट उचलला, पुन्हा ठेवला आणि बाहेर येऊन भिंतीवर मूठ मारली. बोटांची सालं निघाली. त्यावर रुमाल बांधून तिनं संध्याकाळपर्यंत काम केलं.

तिचं भांडण आणखी एका गोष्टीवरून होतं, आणि ती गोष्ट आमच्या ऑफिसची खास. कोड लिहिला की तो तपासावा लागतो. रेणूच्या पद्धतीत गेट वेगळं, मेसेज वेगळा, रेकॉर्ड वेगळं. त्यामुळे तपासताना खऱ्या गेटच्या जागी ती एक खोटं गेट लावायची. ते गेट फक्त म्हणायचं, "हो, मला बंद करायला सांगितलं होतं." कुणाचं काही बिघडत नाही. दादाच्या कोडमध्ये खोटं गेट लावायला जागाच नव्हती, कारण कंट्रोलर स्वतःच हात लांब करून खऱ्या गेटची मान धरायचा. म्हणून आमच्याकडे तपासायला खरा माणूस लागायचा. मिलमध्ये काम करणारा, ओळखीचा, सुट्टीच्या दिवशी ज्याचं कार्ड घडीभर बंद केलं तरी ज्याची तक्रार नाही असा.

तो माणूस म्हणजे मोनू. तो त्याच मिलमध्ये ठेकेदाराकडे फिटर होता. रेणूनंच त्याला ह्या कामाला लावलं, दुसऱ्या कुणाच्या पोरावर प्रयोग नको म्हणून. मोनू मोठा खूश असायचा. त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही त्याचं कार्ड बंद करायचो, त्याच्या मोबाइलवर मेसेज जायचा, तो लगेच रेणूला फोन करायचा, "आला वं, आला!" आणि आम्ही कार्ड उघडायचो. एखाद्या वेळी ऑफिसात येऊन समोसे खाऊन जायचा. बहिणीपेक्षा हातभर उंच, पण दारातून आत येताना तिच्या मागून यायचा. मिलमध्ये सगळ्यांना सांगायचा, "अपन सॉफ्टवेअर कंपनी में भी हैं, टेस्टिंग का पूरा काम अपने पास है." आम्ही हसायचो. मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

रेणूनं घरी बसून सगळा कंट्रोलर नव्यानं लिहून काढला. खोटं गेट लावून, मेसेज मुद्दाम अडकवून, हर प्रकारे तपासला. दादा म्हणाला, छान आहे, पण चालू असलेलं काम मी बदलणार नाही. ती म्हणाली, तुमचा तुटतो. तो म्हणाला, सिद्ध कर. ती म्हणाली, माझ्या टेस्टमध्ये बघा. तेव्हा तो सगळ्यांसमोर हसला.

"खोट्या गेटवर कुणीही जिंकतं, रेणू. माझ्या कोडमध्ये, खऱ्या गेटवर करून दाखव. मग बोलू."

तिनं त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हात सुटतो. पण ती म्हणाली, "ठीक आहे. शुक्रवारी मोनूची सुट्टी आहे."

शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर तिनं सगळ्यांना आपल्या टेबलाभोवती उभं केलं. मेसेज पाठवणाऱ्या सेवेची किल्ली, पासवर्डच म्हणा, तिनं मुद्दाम चुकीची घातली, म्हणजे मेसेज जाणारच नाही. मोनूचं नाव काढलं आणि बटण दाबलं. क्षणभर स्क्रीन थांबली आणि लाल चूक आली. तिनं रेकॉर्ड उघडलं. मोनू मेंढे, पास चालू. मग स्क्रीनवरच गेटच्या मशीनची खिडकी उघडली. मोनू मेंढे, कार्ड बंद. एक शब्द इकडे, एक तिकडे, ती म्हणत होती अगदी तसं.

दादाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "हे तू किल्ली चुकीची घातली म्हणून झालं."

आणि रेणू पेटली. किल्ली चुकीची असो, नेटवर्क जावो, रिचार्ज संपो, काही बी होऊ शकते ना? हेच सांगून राहिली होती ना मी तुमाले? ती बोलत सुटली. इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. कार्ड हातानं उघडायचं तर गेटच्या मशीनमध्ये आत शिरून करावं लागणार होतं, आणि ते ती करणारच होती, फक्त आधी बोलून घेत होती. मध्येच तिचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर मोनूचं नाव होतं. तिनं फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिच्या मते मोनू नेहमीसारखं टेस्टिंगचं सांगायला फोन करत होता, मेसेज नाही आला म्हणून. मेसेज येणार नाही हे तर तिलाच माहीत होतं.

मोनू घरी नव्हता. त्याच्या कामावरच्या जोडीदाराकडे राजनांदगावला लग्न होतं, म्हणून त्यानं त्याच्याशी पाळी बदलून घेतली होती. बहिणीला सांगायचं त्याला सुचलं नाही, आणि का सुचावं? तो दुपारच्या शिफ्टला गेला होता आणि त्या क्षणी त्या फिरत्या दारात अर्धा आत, अर्धा बाहेर उभा होता.

पुढचं मला त्याच्या रांगेतल्या माणसांनी सांगितलं. कार्ड दाखवलं, दार थोडं फिरलं आणि अडकलं. लाल दिवा. मागे माणसांची रांग, डोक्यावर ऊन, भोंगा होण्याची वेळ. उशीर झाला की अर्ध्या दिवसाची हजेरी जाते, त्यामुळे मागचे ढकलत होते. मोनू हसत होता. गार्डला म्हणाला, "अरे भैया, मेरी बहन की टेस्टिंग चल रही होगी. दो मिनट, अभी खुलेगा." फोन लावला, कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला गेला. गार्ड नवीन होता. त्याच्या मशीनवर कार्ड बंद दिसत होतं आणि हा माणूस दारात अडकून दात काढत होता. गार्डनं सळ्यांमधून हात घालून त्याची कॉलर धरली. "पास कॅन्सल है तेरा, बहन की टेस्टिंग बाहर जाकर करा."

बहिणीचं नाव असं घेतलं आणि मोनूनं सळ्यांमधून ठोसा मारला. तोही शेवटी मेंढेंचाच. गार्डचं नाक फुटलं, रक्त त्याच्या खाकी शर्टावर सांडलं. आरडाओरड झाली, आणखी दोघे गार्ड काठ्या घेऊन धावले. दारात अडकलेल्या माणसाला वाकायलाही जागा नसते. सळ्यांमधून काठ्या खुपसून त्यांनी त्याला बरगड्यांत, मांडीत, तोंडावर मारलं. मोनूनं उजव्या हातानं एक सळी घट्ट धरून ठेवली होती, पडू नये म्हणून. मागच्या रांगेतल्यांनी दगड उचलले, गार्डच्या केबिनची काच फुटली, आणि त्या गोंधळात कुणीतरी दाराला पूर्ण जोर लावून लाथ मारली. दार फिरलं. मोनूची बोटं फिरत्या सळीत आणि चौकटीत सापडली. त्याचा आवाज म्हणे रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत गेला.

आमच्या ऑफिसात बातमी आली ती मिलच्या माणसाच्या फोननं, दादाच्या मोबाइलवर. दादानं नीट ऐकून घेतलं. मिलच्या माणसानं विचारलं असणार की त्या पोराचा पास बंद होता का, कारण दादा म्हणाला, "हाँ हाँ, बंद ही था. ठेकेदार ने बंद करवाया होगा." फोन ठेवला आणि रेणूकडे बघून म्हणाला, "शांतपणे ऐक."

तिनं शांतपणे ऐकलं, हेच मला भयंकर वाटतं. मोनूचा हात चेंगरलाय. दवाखान्यात नेलंय, तिथून पोलीस ठाण्यात नेतील. गार्डची तक्रार आहे की पास रद्द असताना जबरदस्तीनं घुसला आणि मारहाण केली. मग दादा म्हणाला, "टेस्टिंगचं नाव काढू नको. कोणाला सांगितलं तर मिल जाईल, आपण सगळे घरी बसू. मोनूचं काय, थोडे दिवस आत राहील, मग मी बोलून सोडवतो. दवाखान्याचं मी बघतो."

"थोडे दिवस?" रेणू म्हणाली.

"तू म्हणालीस तर तुझ्यावरही केस होईल. विचार कर. तूच दाबलंयस बटण."

तिनं कीबोर्ड वायरसकट ओढून काढला आणि त्याच्या डोक्यावर घातला. पहिल्या फटक्यात बटणं उडाली, दुसऱ्यात कान फाटला. मी तिला मागून धरायला गेले तर तिचं कोपर माझ्या ओठावर बसलं, आणि तोंडात रक्ताची चव आली. दादा टेबलाखाली गेला, तशी तिनं खुर्ची उचलली. टेबलाची कड तुटली. मग अचानक तिनं खुर्ची खाली ठेवली, गेटच्या मशीनची खिडकी पुढे ओढली आणि मोनूचं कार्ड उघडलं. आता ते उघडून काय उपयोग होता? पण तिनं ते केलं, आणि मग पर्स घेऊन बाहेर पडली. ओठाला रुमाल लावून मी तिच्या मागे स्कूटी काढली. माझा भाऊ टेबलाखाली रक्त पुसत बसला होता आणि मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

ठाण्यात बाबुलालकाका आधीच पोचले होते. ड्यूटीच्या कपड्यांतच, तोंड कोळशानं काळं. बाकावर नाकाला पट्टी लावलेला गार्ड आणि मिलचा एक माणूस. मोनू आतल्या खोलीत, हाताला भलंमोठं बँडेज, एक डोळा सुजून बंद. दारातून तो आम्हाला दिसत होता. आम्ही काय बोलतोय ते तिथवर जात नव्हतं.

काका गार्डला सांगत होते, "साहेब, माफ करून द्या त्याले. लौंडा आहे. मी मारतो त्याले घरी नेऊन."

रेणू अधिकाऱ्याच्या टेबलाशी गेली. तिच्यासमोर दोनच वाटा होत्या आणि दोन्ही मला लख्ख दिसत होत्या. गप्प राहिली तर मोनू आत जाणार आणि त्याच्या नावावर घुसखोर असा शिक्का बसणार. बोलली तर तिची नोकरी जाणार, कदाचित तीही अडकणार, आणि मोनूला कळणार की त्याचं दार कोणी बंद केलं.

"उसका पास चालू था," ती म्हणाली. "वो अपने हक से अंदर जा रहा था. कार्ड मैंने बंद किया."

अधिकाऱ्यानं मान वर केली. "गलती से?"

इथे ती "हो" म्हणाली असती तरी चाललं असतं. कुणी वाद घातला नसता.

"नहीं. जानबूझकर. दिखाना था कि बंद होता है."

तिला सगळं सांगावं लागलं, पुन्हा पुन्हा, सोप्या भाषेत. कंट्रोलर काय, गेट काय, मेसेज काय, टेस्टिंगचा माणूस काय. मी शेजारी उभी राहून प्रत्येक वाक्याला "हाँ, ऐसा ही हुआ" म्हणत होते. मिलच्या माणसानं दादाला फोन लावला, तो उचलला गेला नाही. काकांचा हात पायातल्या बुटाकडे गेला. बूट काढून ते रेणूच्या अंगावर धावले, तसा एका शिपायानं त्यांचा हात धरला. ते तसेच, एका पायात बूट, भिंतीला टेकून खाली बसले. त्या माणसाला, मारायला समोर माणूस असूनही, मारता आलं नाही.

संध्याकाळपर्यंत मिलच्या माणसाला स्वतःचाच घोळ दिसायला लागला. चालू पासाच्या कामगाराला त्यांच्या गेटवर काठ्यांनी मारलं होतं, आणि ते रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं होतं. गार्डचं नाक आणि मोनूचा हात ह्यांचा समझौता झाला. तक्रार मागे घेतली गेली, मोनू सुटला. मिलनं आमचं सॉफ्टवेअर बंद केलं. दादानं रेणूला काढलं, म्हणजे तसा निरोप पाठवला, समोर यायची त्याची हिंमत नव्हती. मी स्वतःच सोडलं. मावशी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि घरातली लग्नकार्यं त्यामुळे बरीच शांततेत पार पडतात.

मोनूच्या उजव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. तिसरं वाकत नाही.

तो घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सेक्टर दोनला गेले. सिंधुताई स्वयंपाकघरात होती. काका ड्यूटीवर. मोनू पलंगावर उशीला टेकून बसलेला, शेजारी स्टुलावर पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. ठेकेदारानंच कार्ड बंद केलं असं तो समजून चालला होता, आणि बरा झालो की त्या ठेकेदाराचे दात पाडीन म्हणत होता. रेणू पलंगाच्या पायथ्याशी खाली बसली.

"ठेकेदार नाही," ती म्हणाली. "मी होती."

तिनं त्याला सगळं सांगितलं. काही सोडलं नाही. फोनचं आलं तेव्हा मोनूनं तिला थांबवलं.

"मी फोन केला होता."

"मीच काटला."

"दोनदा केला."

"दोन्ही खेपेला काटला."

"कावून?"

"वाटलं, तू टेस्टिंगचा फोन करून राहिला. मले बोलाचं होतं तवा. सरले खोटं पाडून राहिली होती मी."

मोनूनं बँडेजचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "मंग? तू म्हणत होती ते खरं निघालं?"

"निघालं."

त्यानं डाव्या हातानं पेला उचलला आणि पाण्यासकट तिच्या तोंडावर फेकला. कड कपाळाला लागली, चष्मा उडाला, कातडी फाटून रक्त भुवईत उतरलं. सिंधुताई धावत आली आणि सवयीनं आधी खिडकीकडेच वळली. मी मध्ये पडायला उठले. मला वाटलं, आता घरात काहीतरी भयंकर होणार, कारण ह्या बाईनं आजवर एकही घाव परत न करता सोडलेला नव्हता.

रेणूनं घरंगळलेला पेला उचलला. तो पुन्हा स्टुलावर ठेवला, त्याच्या डाव्या हाताला सहज सापडेल असा.

"मार अजून," ती म्हणाली.

मोनूनं हात पुढे केला, पेल्यावर ठेवला, पण उचलला नाही. त्याचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला.

"मले पाना पकडता येणार नाही आता वं, रेणू," तो म्हणाला.

बापाच्या पट्ट्याला, क्लायंटच्या हाताला, माझ्या भावाच्या हसण्याला, सगळ्यांना तिच्याकडे उत्तर होतं. आता तिचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून राहिले, आणि कपाळावरचं रक्त तिनं पुसलंसुद्धा नाही.